कालनिर्णयच्या पानावरचा रविवार

आईच्या कपाटात जुन्या कालनिर्णयांची एक गुंडाळी आहे, दोऱ्यानं बांधलेली. दुधाचे हिशेब, गॅस लावल्याच्या तारखा, भिशीची पाळी, कुणाचं बारसं, असं सगळं त्या चौकोनांत आहे. ऑक्टोबर १९८८ च्या पानावर रविवारच्या लाल आकड्यांखाली मात्र वेगळ्या नोंदी दिसतात. दोन तारखेला लिहिलंय, ‘महाभारत सुरू’. पुढं एका चौकोनात ‘दु. मल्याळी’, दुसऱ्या एकात ‘सं. सिनेमा जुना, कपडे आधी वाळत’. पेन्सिलीचं अक्षर फिकटलं असलं तरी वाचता येतं.

या नोंदी ती ‘साप्ताहिकी’ बघून करायची. पुढच्या आठवड्यात काय काय लागणार आहे ते सांगणारा मुंबई दूरदर्शनचा तो कार्यक्रम रविवारी असे. कॅलेंडरच्या खिळ्याला सुतळीनं पेन्सिल बांधलेली असायची. निवेदिका बोलायला लागली की आई हात पुसत यायची आणि आम्हाला गप्प बसवून लिहून घ्यायची. हे पान हाती आलं तेव्हा वाटलं, एखाद्या घराण्याची वंशावळ असावी तसं हे आहे. रविवारचा प्रत्येक तास कुठल्या तरी वेगळ्या घरातून आलाय. त्या घरांचा माग काढावा, म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात दिल्लीतली. १५ सप्टेंबर १९५९ ला तिथं आकाशवाणीच्या छत्राखाली, युनेस्कोच्या मदतीनं, दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. प्रक्षेपक लहानसा, स्टुडिओ तात्पुरता, कार्यक्रम आठवड्यातून दोनदा. घरोघरी संच असण्याचा प्रश्नच नव्हता. मोजके संच लोकांनी एकत्र बसून पाहावेत म्हणून ठेवलेले. त्या पहिल्या दिवसांत पु. ल. देशपांडे दिल्लीच्या त्या केंद्रात काम करत होते, हे मराठी माणसाला सांगायला नकोच. मनोरंजन हा त्या प्रयोगाचा हेतू नव्हता. शाळेतल्या मुलांना शिकवावं, मोठ्यांना आरोग्य आणि नागरिकपण समजावून सांगावं, हा होता. १९६५ पासून प्रक्षेपण रोज होऊ लागलं आणि २६ जानेवारी १९६७ ला ‘कृषिदर्शन’ आलं. आपल्याकडच्या ‘आमची माती आमची माणसं’चं कूळ तेच. भारतीय दूरचित्रवाणीचं आजोळ शाळेत आहे. पुढं तिनं कितीही दागिने घातले तरी चेहरा आजोळचाच राहिला.

मुंबईचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळं ते पुण्यात दिसू लागलं. आमच्या वाड्यात संच आला तो बऱ्याच उशिरा. लाकडी शटर असलेला, काळा-पांढरा. गच्चीवर काठीला अँटेना, तिचं तोंड सिंहगडाकडं. वाऱ्यानं ती फिरली की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग एकजण वर, एकजण जिन्यात, एकजण संचासमोर, आणि ‘आलं?’, ‘गेलं!’, ‘आलं, आलं, तिथंच धर!’ अशी हाकाटी. १९८५ मध्ये परवान्याची पद्धत बंद होईपर्यंत टीव्हीचं लायसन्सही काढावं लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत.

शाळेच्या घराण्यातला सर्वांत तेजस्वी काळ माझ्या मते १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हा एकाच वर्षाचा. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह त्या वर्षापुरता आपल्याला वापरायला मिळाला. करार विक्रम साराभाईंच्या हयातीतला, १९६९ चा. प्रयोग पाहायला ते राहिले नाहीत. आंध्र, कर्नाटक, ओडिशा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत थेट उपग्रहाकडून चित्र घेणारे संच बसवले. दहा फुटांच्या थाळ्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, कारण त्या स्वस्त पडायच्या आणि तिथंच दुरुस्त करता यायच्या. ज्या खेड्यांत वीज नव्हती तिथं बॅटरी. दिवसाला चार तास कार्यक्रम, सकाळी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी, ज्या त्या भाषेत. ज्यांच्या गावात अजून चांगला रस्ता नव्हता त्यांच्या चावडीवर आकाशातून चित्र उतरत होतं. वर्ष संपलं आणि उपग्रह परत गेला.

या प्रयोगाशी जोडलेलं एक नाव मला या मागोव्यात मध्यभागी ठेवावंसं वाटतं. विजया मुळे. जन्म मुंबईचा, १९२१ चा. पाटण्यात आणि दिल्लीत त्यांनी चित्रपट संस्था उभ्या केल्या. १९५९ मध्ये देशभरच्या चित्रपट संस्थांचा महासंघ झाला तेव्हा सत्यजित राय अध्यक्ष होते आणि मुळे सहसचिवांपैकी एक. पुढं त्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रात गेल्या आणि उपग्रह प्रयोगातल्या मुलांसाठीच्या कार्यक्रमांत त्यांनी काम केलं. ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा चित्रपट त्यांचाच. पक्षी, जाळं, उंदीर आणि ताईला प्रश्न विचारणारा लहान भाऊ. माझ्या पिढीतल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे, पण तो एका मराठी बाईनं केला हे फार थोड्यांना. शाळा आणि चित्रपट संस्था ही दोन घराणी त्यांच्या एका आयुष्यात सोयरी झाली. त्या सोयरिकीचं मोल रविवारच्या दुपारी कळतं. तिथं पुढं येईनच.

उपग्रहाचा प्रयोग चालू असतानाच, १९७६ मध्ये, दोन गोष्टी घडल्या. १ जानेवारीपासून दूरचित्रवाणीवर जाहिराती सुरू झाल्या आणि १ एप्रिलला ती आकाशवाणीपासून वेगळी निघाली. नाव मिळालं दूरदर्शन. पंडित रविशंकरांनी बांधलेली धून आणि दोन वळणांतून डोळा होत जाणारं ते बोधचिन्ह तेव्हाचं. वेगळं बिऱ्हाड थाटतानाच बाजार घरात आला होता. शाळा आणि बाजार एका छपराखाली नांदू लागले. आईच्या पानावरचा रविवार या दोघांच्या वाटणीतून तयार झालाय, असं माझं म्हणणं आहे.

वाटणीची रीत मेक्सिकोतून आली. तिथं मिगेल साबीदो यांनी सत्तरच्या दशकात रोजच्या कौटुंबिक मालिकांमधून आधी प्रौढ साक्षरतेचा आणि मग कुटुंबनियोजनाचा प्रसार केला होता. माहिती व नभोवाणी खात्याचे सचिव एस. एस. गिल तिकडं जाऊन हे पाहून आले. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ ला सुरू झाली. सुरुवातीच्या भागांत उपदेश फार झाला, लोकांना तो रुचला नाही, म्हणून पुढं कमी केला. राहिलं ते एका निम्न-मध्यमवर्गीय घराचं रोजचं जगणं आणि शेवटी दोन शब्द सांगायला येणारे अशोककुमार. पैसा पुरवला मॅगीनं. ही जोडणी एकदा जमली, म्हणजे विषय सरकारला पटेलसा, खर्च कंपनीचा आणि लेखणी साहित्यिकाची, की दूरदर्शनला मालिकांचा तोटा राहिला नाही. ‘बुनियाद’, ‘नुक्कड’, ‘मालगुडी डेज’ सगळ्या याच रांगेतल्या. ‘हम लोग’ रविवारी लागत नसे, पण रविवारची सकाळ तिनंच भरून दिली.

रविवारला राष्ट्रीय रूप येण्याचाही एक दिवस आहे आणि तो रविवारच होता. १५ ऑगस्ट १९८२. त्या दिवशी रंगीत प्रक्षेपण आणि देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई स्पर्धा व्हायच्या होत्या, त्याची ही घाई. मग १९८४ मध्ये काही महिने असे गेले की देशात दिवसाला सरासरी एक नवा प्रक्षेपक उभा राहत होता. माझ्या मामाच्या गावी, मराठवाड्यात, टीव्ही आला तो यातल्याच एका लहान प्रक्षेपकामुळं. पण त्यावर दिसायची ती दिल्ली. सुट्टीत गेलो की मामी विचारायची, ‘तुमच्याकडं मराठी बातम्या कोण सांगतं रे?’ आम्ही प्रदीप भिडे, भक्ती बर्वे, अनंत भावे अशी नावं सांगायचो आणि ती ऐकत राहायची. महाराष्ट्रात राहून तिच्या घरातल्या पेटीला मराठी येत नव्हतं. राष्ट्रीय वाहिनीचं यश सांगताना ही बाजू कुणी सांगत नाही. मला ती तेव्हाही खुपली होती, आजही खुपते.

आता सकाळ. १९८५ मध्ये रविवारी सकाळी ‘रजनी’ यायची. बासु चटर्जींची मालिका आणि प्रिया तेंडुलकर. गॅसचं सिलिंडर, शाळेचा प्रवेश, टॅक्सीचं भाडं, अशा एकेका गोष्टीवर भांडणारी गृहिणी. टॅक्सीवाल्यांनी तिच्याविरुद्ध मोर्चा काढला, एवढी ती खरी वाटली. शाळेनं शिकवलेला नागरिकपणाचा धडा इथं घरातल्या बाईच्या तोंडी आला होता. आई ‘रजनी’ बघून झाल्यावर रेशनच्या दुकानात वजन नीट बघून घ्यायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ आलं. त्या वेळी रस्ते ओस पडत, संचाला हार घालत, हे इतक्यांनी लिहिलंय की मी ते पुन्हा सांगत नाही. मला त्याचं मूळ शोधायचंय. कारण मराठी माणसानं हे सगळं बत्तीस वर्षं आधी केलं होतं. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडक्यांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीतं झाली. रेडिओपुढं उदबत्ती लावून, फुलं वाहून लोक ऐकत. म्हणजे यंत्रातून ठरल्या वेळी येणारा राम, पुढच्या भागापर्यंत आठवडाभर धरलेला धीर आणि यंत्रालाच देव्हाऱ्याचा मान, या तिन्ही गोष्टी पुण्यात आधीच रुजल्या होत्या. त्याच्या मागं जायचं तर दादासाहेब फाळक्यांचं ‘लंकादहन’ आहे, १९१७ चं. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. आणि त्याच्याही मागं देवळातला कीर्तनकार, जो कथा नेमक्या जागी थांबवून ‘उरलेलं उद्या’ म्हणायचा.

ही नाती ओढूनताणून लावलेली नाहीत. रामानंद सागर यांच्या मालिकेच्या सुरुवातीला ज्या रामकथांचा आधार घेतला त्यांची नावं येत. वाल्मीकी, तुळसीदास, कंबन यांच्याबरोबर एकनाथांचं ‘भावार्थ रामायण’ही त्यात होतं. आजोबा ते नाव येईपर्यंत उभे राहायचे. चित्रीकरण झालं उंबरगावला, महाराष्ट्राच्या वेशीला लागून. कौसल्या जयश्री गडकर, दशरथ त्यांचे पती बाळ धुरी आणि मंथरा ललिता पवार. ‘सांगत्ये ऐका’मधली जयश्री गडकर घरातल्या सगळ्यांना माहीत होती. फडावर नाचलेली बाई रामाची आई झाली म्हणून आमच्या वाड्यात कुणी नाक मुरडलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘डोळे बघा तिचे, पोराला वनात धाडलेल्या आईचेच आहेत.’

३१ जुलै १९८८ ला ‘रामायण’ संपलं आणि दोनच महिन्यांत, गांधीजयंतीच्या रविवारी, ‘महाभारत’ सुरू झालं. आईच्या नोंदीतलं ते. संवाद लिहिले राही मासूम रझा यांनी आणि कृष्ण झाले नितीश भारद्वाज, शिक्षणानं पशुवैद्य. या दोन महाकाव्यांनी बाजाराला रविवार सकाळची किंमत कळली. जाहिरातींची रांग इतकी लांब होत गेली की अंघोळी त्या वेळात उरकता येत.

त्याच हिवाळ्यात रविवारी ‘भारत एक खोज’ही आलं, त्रेपन्न भागांचं, श्याम बेनेगल यांचं. ज्या पुस्तकावर ते बेतलं ते नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं होतं. सकाळी एका पडद्यावर कथा म्हणून महाभारत आणि थोड्या वेळानं त्याच पडद्यावर ‘इतिहास म्हणून याकडं कसं पाहायचं’ हा प्रश्न. दोन्ही पाहणारे आमच्या वाड्यात मोजून चार जण होते. पण ज्यानं दोन्ही पाहिलं त्याच्या डोक्यात आयुष्यभर पुरेल असं काहीतरी हललं. बाजाराच्या तासाला लागून शाळेचा तास, आणि दोघांच्या मध्ये दार उघडं.

आता दुपार, जिच्यासाठी मी हे पान उलगडलं. जेवणं उरकलेली, बाकी सगळे आडवे. १९८७ पासून रविवारी दुपारी कर्णबधिरांसाठीच्या बातम्या लागत. बोलक्या हातांची ती बातमीदार बाई आम्ही आधी नक्कल करायला पाहिली आणि मग आमच्या गल्लीतल्या एका मुलाच्या आईनं सांगितलं की आठवड्यात तेवढीच बातमी त्याला कळते. नक्कल त्या दिवशी थांबली.

त्यानंतर प्रादेशिक भाषेतला चित्रपट. आज आसामी, पुढं कधी बंगाली, कन्नड, मल्याळी, ओडिया, तेलुगू. पुरस्कार मिळालेले, संथ, खाली इंग्रजी अक्षरं. जाहिरातदार त्या तासाकडं फिरकत नसत. आईला इंग्रजी फार येत नव्हतं. ती आडवी न होता गहू निवडत बसायची आणि मला खालच्या ओळी वाचून मराठीत सांगायला लावायची. मी सातवी-आठवीत. ओळ निघून जायच्या आत वाचायची, समजून घ्यायची आणि आईला कळेल असं सांगायचं. अर्ध्या वेळा मी चुकायचो. ती म्हणायची, ‘तसं नाही म्हणाली ती. चेहरा बघ तिचा, ती नवऱ्यावर चिडलेली नाहीये, घाबरलीये.’ आणि ते बरोबर निघायचं. अडूर गोपालकृष्णन, गिरीश कासरवल्ली, जानू बरुआ ही नावं मला कुठल्या महोत्सवात नव्हे, गव्हाच्या सुपाशेजारी कळली. केरळातल्या घरात पाऊस पडताना पायरीवर पाणी कसं साचतं आणि आसामात जमिनीचा कागद नसलेला शेतकरी कचेरीत कसा उभा राहतो, हे मी तिथं पाहिलं. मराठीची पाळी आली की मला वाटायचं, तिकडं कुठंतरी ओडिशात एक मुलगा आपल्या आईला निळू फुल्यांचे संवाद समजावून सांगत असेल.

चित्रपट संस्थांची चळवळ शहरातल्या दोन-तीनशे सभासदांपर्यंत पोचायची. सोळा मिलिमीटरची फीत, भाड्याचं सभागृह, खुर्च्या मांडणारे कार्यकर्ते. दूरदर्शननं तोच चित्रपट रविवारी दुपारी देशाच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. विजया मुळे यांच्यासारख्यांनी शाळा आणि चित्रपट यांची जी गाठ बांधली, तिचं फळ मी या तासात पाहतो. ‘राष्ट्रीय वाहिनी’ हे नाव मला सकाळच्या तासापेक्षा या तासाला अधिक शोभतं असं वाटतं. सकाळी सगळा देश एकच भाषा ऐकत होता. दुपारी एकेक भाषा बोलत होती आणि बाकीचा देश कान देऊन ऐकायला बसू शकत होता. बसणारे थोडे होते, हे खरं आहे. पण बसायला जागा होती.

संध्याकाळी हिंदी चित्रपट. शनिवारी मराठी, रविवारी हिंदी, हा मुंबई दूरदर्शनचा नेम. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की तो सगळ्यांचा होता. घरी संच नसलेली मुलं खिडकीच्या गजांना धरून उभी राहत आणि आजोबा त्यांना आत बोलावून सतरंजीवर बसवत. मधल्या बातम्यांच्या वेळी चहा व्हायचा.

२ ऑक्टोबर १९९२ ला झी सुरू झाली. मुंबई केंद्राला त्या दिवशी बरोबर वीस वर्षं झाली. आमच्या गल्लीत केबलची तार आंब्याच्या झाडावरून आली. १९९३ च्या कालनिर्णयात दूरदर्शनच्या नोंदी विरळ होत जातात आणि १९९४ च्या पानांवर नुसता दुधाचा हिशेब उरतो. लिहून ठेवण्याची गरजच संपली, कारण काहीतरी कायमच चालू असायचं. दुपारचा प्रादेशिक चित्रपट नेमका कधी गेला हे आमच्या घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. आईच्याही नाही, असं मी समजत होतो.

२८ मार्च २०२० ला, टाळेबंदीत, ‘रामायण’ पुन्हा लागलं. सकाळी नऊ आणि रात्री नऊ. आई तेव्हा ऐंशीच्या पुढं गेलेली. मुलीनं तिच्यासाठी संच लावून दिला, जयश्री गडकर दिसल्यावर ती ‘ही गेली ना रे?’ म्हणाली आणि पूर्ण भाग शांतपणे पाहिला. जेवण झालं. आम्ही आवराआवर करत होतो. ती खुर्ची सरकवून पुन्हा संचासमोर जाऊन बसली, मांडीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर गवारीच्या शेंगा घेतल्या आणि मला हाक मारली, ‘ये, बस इथं. आज दुपारी कुठली भाषा आहे?’